कुत्र्याला कच्चं खाणं रोज नेमकं किती घालायचं? (आमचा हरण्या, कारवान, अडीच वर्षं)

कारवानवाली | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडले म्हणून लिहिते.

आमच्याकडे हरण्या नावाचा कारवान (आपल्याकडची सडपातळ शिकारी कुत्र्याची जात) आहे. नर, अडीच वर्षांचा, नसबंदी झालेली. अक्कलकोट तालुक्यात आमचं रान आहे, तिथून बाबांनी तो दीड-दोन महिन्यांचा असताना आणला. आता सोलापुरात होटगी रोडला आमच्यासोबत असतो. दोन वर्षं घरचंच खात होता. सकाळी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, रात्री भाकरी-वरण, आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेली अंडी. वजन २४ किलो होतं आणि तो तसा बराच होता, पण केस राठ झाले होते. पुण्याच्या मैत्रिणीने सांगितलं की कच्च्या मांसावर आण, फरक पडेल.

आमचं घर शाकाहारी, लिंगायत. आईने एकच अट घातली: मांस स्वयंपाकघरात येणार नाही. म्हणून मागच्या पडवीत जुना छोटा फ्रिज ठेवला, सुरी, पाट, परात सगळं वेगळं. मांस या विषयातलं मला शून्य कळतं. चिकनच्या दुकानात कुठला भाग कशाला म्हणतात हेही माहीत नव्हतं. म्हणून कृपया गृहीत धरू नका, सगळं फोडून सांगा.

मैत्रिणीचा हिशेब असा: वजनाच्या २ ते ३ टक्के. म्हणजे हरण्याला ४८० ते ७२० ग्रॅम. मी उपाशी राहायला नको म्हणून ७०० धरलं. दुकानदाराला 'कुत्र्यासाठी' म्हटलं की तो माना आणि पाय देतो. रोज ४०० ग्रॅम माना, ३०० ग्रॅम पाय. भाकरी पूर्ण बंद केली, कारण मैत्रीण म्हणाली धान्य नको.

दीड महिना झाला. आता वजन २२ किलो ४०० ग्रॅम. कमरेची हाडं वर आलीत. शी पांढरी, खडूसारखी, आणि करताना जोर काढतो, दोनदा तर विव्हळला. भाऊ म्हणतो एक किलो कर. बाबा म्हणतात भाकरी सुरू कर. मला कळेना की ७०० ग्रॅम खाऊन वजन उतरतंय कसं. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

भाकरतुकडा | रविवार, रात्री १०:०५

बाळ, तुझे बाबा बरोबर बोलतायत. आमच्याकडे चाळीस वर्षांत पाच कुत्री झाली, सगळी भाकरीवर. शेवटचा मोती चौदा वर्षं जगला. खाटकाकडून आठवड्यातून एकदा वजडी आणायची, धुऊन शिजवायची, भाकरीत कालवायची.

मांस घालू नको असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षं ज्याच्यावर वाढला ते एका दिवसात का तोडलंस? माणसाचं पोट तरी असं बदलतं का? आणि विव्हळतोय म्हणतेस तर आधी डॉक्टरला दाखव. बाकी हिशेब मागाहून.

---

विजापूर_वेस | रविवार, रात्री ११:२०

ताई, आमचं तीन पिढ्यांचं मटण-चिकनचं दुकान आहे, म्हणून लिहितो. 'कुत्र्यासाठी' हा शब्द दुकानात उच्चारू नका. तो उच्चारला की गिऱ्हाईक जे नेत नाही तेच पिशवीत पडतं. फसवायचा हेतू नसतो, तशी पद्धत पडली आहे. तुम्ही भागाचं नाव घेऊन मागा.

माना: बऱ्यापैकी हाड, थोडं मांस. पाय: जवळजवळ हाड आणि चामडंच, मांस नाही म्हटलं तरी चालेल. कलेजी म्हणजे लिव्हर. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातली ती कडक गाठ, आतली पिवळी साल काढून देतो. पेटा स्वस्त असतो आणि निव्वळ मांस असतं, हाड अजिबात नाही. दिल म्हणजे हृदय, बारीक असतं, पाव किलो हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. बोनलेस महाग पडेल, त्यापेक्षा छातीचे सांगाडे सोडून मांडीचं मांस काढून मागा.

आणखी एक. आपल्याकडे कोंबडी सोलतात ती पिसांसकट कातडी ओढून. ती कातडी ड्रममध्ये जाते, तिचा खायला उपयोग नाही. कातडीसकट कोंबडी हवी असेल तर गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात, ते सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. म्हणजे तुमच्या पिशवीत येतं ते सगळं बिनकातडीचं.

आणि सगळ्यांनाच सांगतो, काही लोक कुत्र्याला आवडते म्हणून रोज पाव-पाव किलो कलेजी नेतात. ते बरोबर नाही असं मला आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, कारण तेच सांगतील.

---

आकडेमोड | सोमवार, सकाळी ७:१५

विजापूर_वेस यांनी कातडीबद्दल जे लिहिलं त्यातच या धाग्याचं उत्तर आहे. रात्री कागदावर मांडून बघितलं, सविस्तर देतो. प्रतिसाद लांबेल.

आधी हाडाचा हिशेब. कच्चं खाणं देणारे लोक ढोबळमानाने ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के कलेजी-गुर्द्यासारखे अवयव (गुर्दा म्हणजे किडनी) असं धरतात. बिनकातडीच्या मानेत वजनाच्या सुमारे ३६ टक्के हाड असतं, पायात सुमारे ६० टक्के. तुमच्या ४०० ग्रॅम मानांत १४४ ग्रॅम हाड, ३०० ग्रॅम पायांत १८०. एकूण ३२४ ग्रॅम. ७०० मधलं ३२४ म्हणजे ४६ टक्के हाड. शी पांढरी आणि खडूसारखी का, ते इथे दिसतं. हरण्या जवळजवळ अर्धं ताट चुना खातोय.

आता वजन का उतरलं. कुत्र्याची पडून असतानाची ऊर्जेची गरज काढायचं सर्रास वापरलं जाणारं सूत्र: वजनाचा ०.७५ वा घात, गुणिले ७०. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर २४ चा वर्ग करा, त्याला २४ ने गुणा, मग दोनदा वर्गमूळ काढा. १०.८४ येतं. गुणिले ७० म्हणजे सुमारे ७६० किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या, रोज हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्याला याच्या १.६ पट लागतं. म्हणजे १२०० च्या आसपास. इथे २२.४ घ्यायचं नाही, २४ घ्यायचं. जे वजन असायला हवं त्यावर हिशेब, आजच्या वजनावर नाही. लठ्ठ कुत्र्यालाही हाच नियम, तिथे उलट दिशेने लागू.

हाड वजा केल्यावर तुमच्या मानांत खाण्याजोगं २५६ ग्रॅम उरतं, पायांत १२०. मानेचं बिनकातडीचं मांस १०० ग्रॅमला सुमारे १५४ कॅलरी, पायाचं सुमारे २१५. बेरीज ६५० च्या जवळपास. गरज १२००, मिळतात ६५०. सातशे ग्रॅम खाऊनही तो अर्धपोटी होता, आणि नुसतं पडून राहायला लागतं त्याहूनही कमी मिळत होतं.

आता तुमच्या मैत्रिणीच्या २ ते ३ टक्क्यांमधला अडीच टक्क्यांचा आकडा घेऊ. २४ किलोला ६०० ग्रॅम. ते ८०-१०-१० मध्ये नीट बसवलं तर: माना १६५ ग्रॅम (त्यात ६० ग्रॅम हाड आलं), कलेजी ३०, गुर्दा ३०, आणि बिनहाडाचं मांस ३७५, ज्यात पेटा आणि दिल धरा. ही मांडणी बिनकातडीच्या कोंबडीची केली तर साधारण ६७५ कॅलरी होतात. तीच कातडीसकटच्या कोंबडीची केली तर ११८५. वजन तेच ६०० ग्रॅम, आणि कॅलरीत ५०० चा फरक!

२ ते ३ टक्क्यांचा नियम खोटा नाही. तो जिथून आला तिथे कोंबडी कातडीसकट मिळते, मांसाला चरबी असते. आपण टक्के तिकडचे उचलले आणि कोंबडी मात्र इकडची, सोललेली. म्हणून 'किती ग्रॅम' याआधी 'कशाचे ग्रॅम' हे विचारावं लागतं.

भावाचं ऐकून तेच मांस एक किलो केलंत तर कॅलरी थोड्या वाढतील, पण हाड ४६० ग्रॅम होईल. कृपया करू नका.

---

कारवानवाली | सोमवार, सकाळी ८:०२

वाचताना हात थरथरले. दीड महिना मी त्याला रोज वजन करून, काटेकोरपणे उपाशी ठेवत होते. आज सकाळी पाय बंद केले. दुपारी डॉक्टरांकडे नेते.

आकडेमोड, मग उरलेल्या ५०० कॅलरी कशा भरायच्या? कातडी तर मिळणार नाही असं दिसतंय.

---

विजापूर_वेस | सोमवार, सकाळी ८:३०

ताई, कातडी नाही पण चरबी मिळते. बॉयलर कोंबडीच्या पोटात, शेपटीकडच्या बाजूला पिवळ्या चरबीच्या गोळ्या असतात. त्या आम्ही काढून टाकतो. दुकानदाराला सांगितलं तर बाजूला ठेवेल. ताजी असेल तर पिवळी आणि घट्ट असते, वास मारायला लागली तर घेऊ नका. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत न्या.

---

हिप्परगा | सोमवार, दुपारी १:४५

आमच्याकडे रानात चार कारवान आहेत, आजोबांपासून पाळतोय. कारवान बघायची नजर वेगळी लागते, ते लिहितो.

हे पळणारं जनावर आहे. चांगल्या तब्येतीच्या कारवानाच्या मागच्या दोन-तीन फासळ्या दिसतातच, पोट आत गेलेलं असतंच. शहरात आणला की शेजारीपाजारी म्हणतात, काय हो कुत्र्याला खायला घालत नाही का? आणि लोक घाबरून चारत सुटतात. मग तो लॅब्रॅडॉरसारखा गोल होतो आणि गुडघ्यात अधू होतो. तेव्हा फासळी दिसली म्हणून घाबरू नका.

पण कमरेची दोन हाडं टोकदार लागली, पाठीचे मणके एकेक मोजता आले, मांडीचं मांस सैल पडलं, तर तो नुसता सडपातळ नाही, तो खंगतोय. तुमचा हरण्या तुमच्या वर्णनावरून दुसऱ्यात मोडतोय.

हाताने बघायची सोपी रीत: आपला हात पसरून पालथा धरा आणि बोटांच्या मागच्या हाडांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. फासळ्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ आवळून गाठींवरून फिरवल्यासारखं लागलं तर खाणं कमी पडतंय. तळहातावरून फिरवल्यासारखं गुबगुबीत लागलं तर जास्त होतंय. हे दर रविवारी करायचं, ठरलेल्या वेळी, डोळे मिटून. डोळे फसवतात, विशेषतः घरच्या माणसाचे.

वजन कशावर करता? घरच्या काट्यावर कुत्रा उचलून आपण उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, हे चालतं, पण २४ किलोचा कारवान उचलल्यावर स्थिर राहत नाही. मी मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर करतो. पोत्यांचा सपाट काटा असतो, कुत्रा सरळ चढून उभा राहतो. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी खाण्याआधी.

---

पूर्वभाग | सोमवार, रात्री ९:१०

सगळी चर्चा कुत्र्याच्या बाजूने चालली आहे, ती बरोबरच आहे. मी घरातल्या माणसांच्या बाजूने थोडं लिहितो.

आमच्या नात्यात एका बाईंना पोटात उजवीकडे जड वाटायचं. सोनोग्राफीत यकृतात मोठी पाण्याची गाठ निघाली. हायडॅटिड, म्हणजे कृमीमुळे होणारी गाठ. मोठं ऑपरेशन झालं, नंतर कित्येक महिने गोळ्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: घरी कुत्रा आहे का आणि त्याला काय घालता? घरात यंत्रमागाचं काम, मागच्या बोळात बकरी कापायचे, तिथली फुफ्फुसं आणि कलेजी कुत्र्याला कच्चीच टाकायचे. अनेक वर्षं.

त्याचं चक्र असं आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत, फुफ्फुसात या कृमीच्या गाठी असतात. कुत्र्याने ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात बारीक कृमी होतात. कुत्र्याला काही त्रास होत नाही, बाहेरून काही कळत नाही. पण त्याच्या शीतून अंडी बाहेर पडतात, केसांना लागतात, अंगणात, भाजीवर, मुलांच्या हातावर येतात आणि माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात गाठ वाढायला लागते, कधी कधी दहा-दहा वर्षं कळत नाही.

आपल्या भागात शेळ्या-मेंढ्या पुष्कळ. म्हणून हात जोडून सांगतो, बकऱ्याची कलेजी, फोफसं, तिल्ली, गुर्दा कुत्र्याला कच्चं देऊ नका. आकडेमोड यांनी गुर्दा लिहिला आहे, तोही नको. अर्धा तास चांगलं उकळून द्या.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री ९:२५

पूर्वभाग, मनापासून आभार. मी फक्त कॅलरी बघत बसलो होतो. माझ्या मांडणीतला गुर्दा अर्धा तास उकळूनच, असं सगळ्यांनी वाचावं.

---

पशुवैद्य_मोहोळ | मंगळवार, सकाळी ६:५०

उशिरा आलो. माझं मत आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. मी घरच्या कुत्र्याला कच्चं मांस देण्याच्या बाजूचा नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ साली यावर ठराव करून कच्चं मांस देऊ नये असं म्हटलं, जागतिक संघटनेच्या पोषण समितीचीही तीच भूमिका आहे. कारण जंतू. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे कोंबडीवर सर्रास असतात. कुत्र्याला काही न होता त्याच्या तोंडातून, शीतून ते घरात पसरतात. फ्रिजरमध्ये गोठवलं की हे जंतू सगळे मरत नाहीत, बरेचसे नुसते झोपतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, दुकानातली कोंबडी दगडावर पडलेली असते, घरी येईपर्यंत अर्धा तास जातो. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेलं कोणी असेल तर मी स्पष्ट नाही म्हणतो.

तरीही कोणी देणारच असेल तर ते नीट द्यावं, म्हणून बाकीचं.

आकडेमोड यांचं गणित बरोबर आहे. पण १.६ हाही फक्त सुरुवातीचा आकडा आहे. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांत पुष्कळ फरक निघतो. आकड्याने सुरुवात करायची, दोन आठवडे तेच द्यायचं, मग वजन आणि हात काय सांगतात ते बघून दहा टक्के वर किंवा खाली. रोज बदलत बसलं तर काहीच कळत नाही.

चरबी एकदम चाळीस-पन्नास ग्रॅम देऊ नका. दहा ग्रॅमपासून सुरू, चार-चार दिवसांनी दहा-दहा वाढवा. एकदम दिली तर जुलाब लागतील, आणि काही कुत्र्यांत स्वादुपिंडाला सूज येते, ती जिवावर बेतते. उलट्या, पोट दुखून पुढचे पाय ताणून वाकणं दिसलं तर थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.

भाकरी बंद करायचं काही कारण नव्हतं. कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडग्याची जनुकं ताडून बघितली. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. माणसाच्या ताटाजवळ हजारो वर्षं राहिल्याचा हा परिणाम. ऐंशी ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे २७० कॅलरी असतात. म्हणजे ६०० ग्रॅमची ती बिनकातडीची मांडणी, ४० ग्रॅम चरबी आणि एक भाकरी धरली की जवळपास १२०० होतात. भाकरतुकडा काकूंना माझा नमस्कार.

कलेजी पाच टक्क्यांच्या वर नको, अ जीवनसत्त्व साठत जातं आणि हाडांवर परिणाम होतो. आणि हाड एकदा शिजवलं की कुठलंच द्यायचं नाही. शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन तुटतं. मी आतड्यातून काढलेली आहेत.

शिजवून द्यायचं ठरवलंत, जे मला जास्त आवडेल, तर वजन कच्च्याचंच करा, शिजताना मांसाचा चौथा हिस्सा पाणी होऊन जातो. मग हाड नसणार, म्हणून अर्धा किलो बिनहाडाच्या मांसामागे अर्धा चहाचा चमचा अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड. टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून काढा. हे विसरू नका. नुसत्या बिनहाडाच्या मांसावर वाढलेल्या पिल्लांची हाडं बसता-उठता मोडलेली मी पाहिली आहेत.

ही ८०-१०-१० मांडणी म्हणजे परिपूर्ण आहार नव्हे, हेही ध्यानात असू द्या. जस्त, मँगनीज, आयोडीन, ई जीवनसत्त्व त्यात कमी पडतं. आठवड्यातून दोन-तीन अंडी, एकदा काटे काढून उकडलेला मासा, आणि खनिजांची पुरवणी डॉक्टरांना विचारून. कच्चं खाणाऱ्या कुत्र्याला जंताचं औषध तीन महिन्यांनी पुरत नाही, आणि त्या औषधात प्राझिक्वांटेल आहे ना हे बघून घ्या. पूर्वभाग यांनी लिहिलेल्या कृमीवर तेच चालतं.

---

लॅबचीआई | मंगळवार, दुपारी ३:३०

धाग्यात घुसतेय, माफ करा. आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू तीन महिन्यांचं, ९ किलो. मला कोणीतरी पिल्लाला दहा टक्के सांगितलं, म्हणजे ९०० ग्रॅम. एवढं? खाऊन झाल्यावर भांडं चाटतं आणि पुन्हा मागतं, मला वाईट वाटतं.

---

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ४:१०

दहा टक्के हे दोन महिन्यांच्या पिल्लाचं. वय वाढेल तसा टक्का उतरत जातो: तीन-चार महिन्यांला आठच्या आसपास, सहाला सहा, नऊला चार, वर्षाला मोठ्यांच्या बरोबर. तुमच्या पिल्लाला ८ टक्के धरले तर ७२० ग्रॅम. दुसऱ्या बाजूने पडताळा: मोठेपणी ३० किलो होईल धरलं तर त्याचे अडीच टक्के ७५०. दोन्ही आकडे जवळ येतात. तीन-चार वेळांत वाटून. पण पुन्हा तेच, कशाचे ग्रॅम ते बघा.

---

पशुवैद्य_मोहोळ | मंगळवार, रात्री ८:४५

लॅबचीआई, तुमच्या बाबतीत मी जरा कडक बोलतो. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला घरगुती अंदाजाने कच्चं देऊ नका. त्याला कॅल्शियम कमी पडलं तर हाडं वाकतात, जास्त झालं तरी सांधे बिघडतात, आणि मोठ्या कुत्र्यासारखं जास्तीचं कॅल्शियम आतड्यात शोषायचं थांबवणं पिल्लाला जमत नाही. वर्ष-सव्वा वर्ष होईपर्यंत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं द्या, पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे तोलून.

आणि भांडं चाटतं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. लॅब्रॅडॉरमध्ये बऱ्याच जणांत भूक भागल्याचा निरोपच मेंदूला नीट न पोचवणारा जनुकीय बदल असतो, २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तो शोधला. त्याचं मागणं हे मोजमाप धरायचं नाही.

---

कारवानवाली | मंगळवार, रात्री १०:३०

डॉक्टरांकडे जाऊन आले. एक्स-रे काढला. मोठ्या आतड्यात हाडाचा चुरा दाटून बसला होता, सुदैवाने अडकलं काही नव्हतं. एनिमा दिला, दोन दिवस पातळ खाणं सांगितलं. हरण्या आत्ता माझ्या पायाशी झोपलाय.

आईने सगळा धागा माझ्याकडून वाचून घेतला. हायडॅटिडचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. घरात आजी आहे, ब्याऐंशी वर्षांची. म्हणून आम्ही ठरवलं: शिजवूनच द्यायचं. पडवीत वेगळी शेगडी आणि पातेलं. बिनहाडाचं मांस आणि पेटा मिळून ४८० ग्रॅम कच्चं तोलून, मग शिजवायचं. कलेजी ३०, गुर्दा ३० अर्धा तास उकळून. चरबी दहा ग्रॅमपासून. टरफलाची पूड अर्धा चमचा. भाकरी एक. माना आता नाहीत म्हणून थोडं कमी भरतंय, ते दुसऱ्या अर्ध्या भाकरीने भरू का?

---

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:५०

मांस, पेटा, कलेजी, गुर्दा मिळून सुमारे ६४०. चरबी ४० ग्रॅमवर पोचली की तिचे २५०. एक भाकरी २७०. एकूण ११६०. चरबी वाढेपर्यंतचे पंधरा दिवस दीड भाकरी द्या, नंतर एक. मांस उकळलेलं पाणी फेकू नका, त्यात चरबी उतरलेली असते, त्यातच भाकरी कुस्करा. कांदा-लसूण-मीठ काही नाही.

---

भाकरतुकडा | बुधवार, सकाळी ६:१५

आजीला नमस्कार सांग. आणि भाकरी शिळी असली तरी चालते, पण बुरशी बघून घे.

---

कारवानवाली | पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:२०

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांसाठी.

पहिल्या पंधरवड्यात वजन फक्त २०० ग्रॅम वाढलं. मला धीर निघेना, पण पशुवैद्य_मोहोळ यांनी सांगितल्याप्रमाणे मध्ये काही बदललं नाही. दोन आठवडे झाल्यावर दहा टक्के वाढवलं, म्हणजे मांस ४८० चं ५३० केलं आणि भाकरी दीडच ठेवली. चरबी तीस ग्रॅमवर थांबवली, चाळीसला शी सैल होत होती. आज सकाळी बाबा आणि मी त्याला मार्केट यार्डात घेऊन गेलो. काट्यावर तो स्वतः चढला. २३ किलो ६०० ग्रॅम.

शी तपकिरी, बांधीव, दिवसातून दोनदा. जंताचं औषध झालं. कमरेची हाडं अजून हाताला लागतात, पण टोचत नाहीत. मागच्या तीन फासळ्या दिसतात, त्या दिसूच देणार आहे. केसांत फरक आहे की मला तसं वाटतंय हे अजून सांगता येत नाही, दोन महिने थांबते.

विजापूर_वेस, तुमचे विशेष आभार. परवा दुकानात 'अर्धा किलो पेटा, साल काढून, आणि पोटातली पिवळी चरबी' असं मागितलं. दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं, मग आतून ताजी काढून दिली.

बुधवारी बाबा त्याला रानात नेणार आहेत. तिथे दिवसभर पळेल, त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त घालू का, की नंतरच्या दिवशी?

---

हिप्परगा | रविवार, दुपारी १२:०५

त्याच दिवशी, पण पळून आल्यावर तासाभराने, धाप उतरल्यावर. पळायच्या आधी पोट भरलेलं नको. पाणी थोडं थोडं पाजा.